खोडलेला अर्धा तास

इंग्रजी दुसरीत मास्तरांनी आम्हांला 'टाइम' म्हणजे वेळ असं सांगितलं. मी ते पाटीवर लिहून घेतलं, घरी जाऊन आईलाही सांगितलं, आणि एक शब्द कायमचा पदरात पडला म्हणून निर्धास्त झालो. पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी विचारलं, थ्री टाइम्स फोर किती? मी उठून म्हटलं, तीन वाजता आणि चार वाजता, म्हणजे दुपार. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला बाकावर उभं करून मोठ्यानं बारापर्यंत मोजायला लावलं.

त्याच वर्षी वडील गेले आणि माझी शाळा सुटली. त्यामुळे या शब्दाचे उरलेले अर्थ मला शाळेबाहेर शिकावे लागले, एकेक करून, आणि बहुतेक वेळा बाकावर उभं राहिल्यासारखंच.

मी देवगडाकडचा. आमच्या गावाला घड्याळ नव्हतं. मुंबईला नेणारा मचवा कधी सुटणार असं मी तांडेलाला विचारलं तेव्हा त्यानं आधी खाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "पाणी म्हणेल तेव्हा." असा पाण्याच्या मर्जीनं मी मुंबईला उतरलो आणि आगगाडीनं कल्याणला पोचलो. माझ्याजवळ एका दूरच्या नातलगाच्या नावाचं पत्र होतं. तो नातलग रेल्वेतच होता, पण दोन महिन्यांपूर्वी त्याची भुसावळला बदली झालेली. हे मला कळलं तेव्हा मी वळकटीवर बसून राहिलो. भुसावळ कुठल्या बाजूला आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

दुपारी पार्सल ऑफिसातून एक उंच, काटकुळे गृहस्थ पगडी सावरत बाहेर आले आणि माझ्यासमोर थांबले.

"कुठला रे तू?"

"देवगडचा."

"जेवलास?"

परक्यापुढे भूक सांगू नये असं आईनं बजावलेलं, म्हणून मी म्हटलं, "जेवलो."

"मग परत जेव," ते म्हणाले आणि चालायला लागले. मी वळकटी उचलून त्यांच्यामागं गेलो. त्यांना मी पुढं काका म्हणू लागलो आणि त्यांच्या पत्नीला काकू. रक्ताचं नातं काही नाही. त्या दुपारच्या भाताचं नातं, ते आजवर तुटलेलं नाही.

काका पार्सल ऑफिसचे हेडक्लार्क होते. माझं अक्षर बरं आहे असं बघून त्यांनी मला आपल्या हाताखाली उमेदवार म्हणून बसवलं. उमेदवार म्हणजे पगार नाही, पटावर नाव नाही, फक्त बसायला परवानगी. वर्ष-दीड वर्ष काम करायचं आणि साहेबाच्या मनात आलं तर नोकरी. तोवर राहणं काकांच्या ओसरीवर, जेवणं काकूंच्या हातचं. मी इतका भीत असे की दुसऱ्यांदा आमटी मागतानाही आधी मनात वाक्य जुळवून घेई.

ऑफिसात पहिल्याच दिवशी मला टाइम पुन्हा भेटला. आणि एकदा नाही, दिवसातून शंभरदा भेटला.

तिकीटवाल्याला काही विचारलं की तो खिडकीतून म्हणे, "टाइम नाही." याचा अर्थ फुरसत नाही. हमालांचा मुकादम म्हणे, "टाइम झाला," म्हणजे सुट्टी. साहेबाला भेटू का, असं विचारलं तर शिपाई डोळे बारीक करून सांगे, "आता टाइम बरा नाही," म्हणजे साहेबाचं डोकं तापलं आहे. मुंबईची गाडी 'टाइमात' असे आणि इगतपुरीकडची गाडी 'टाइम खात' येई. तारमास्तर म्हणे, "मी टाइम घेतो, मग तुम्हांला देतो," तेव्हा मला वाटे की हा पदार्थ आत कुठे तरी बरणीत ठेवलेला असावा.

ते काही फारसं खोटं नव्हतं. रोज दुपारी चारला तारेतून खरोखरच टाइम येत असे, तोही थेट मद्रासहून. चार वाजत आले की ऑफिसातले लोक हातातलं काम सोडून तारमास्तरांच्या दाराशी उभे राहात. काका खिशातून साखळीचं घड्याळ काढून तळहातावर धरीत. यंत्र एकदम टकटक करी, तारमास्तर बोट वर करीत, काका काटा किंचित सरकवीत आणि झाकण मिटून म्हणत, "आला." मग सगळे कामाला लागत. देवळातली आरती संपल्यावर माणसं पांगतात तशी.

घोटाळा असा की मद्रासला सूर्य आमच्याआधी उगवतो. त्यामुळे स्टेशनचं घड्याळ गावाच्या पुढं अर्धा तास असे. गावात आठ वाजले की स्टेशनात साडेआठ. नवी माणसं आठच्या गाडीला आठ वाजता येत आणि रिकामे रूळ बघून आमच्याशी भांडत. माझं निम्मं काम हेच, की फाटकाशी उभं राहून सांगायचं, "बाबा, स्टेशनचा टाइम निराळा. तुमच्या घड्याळाच्या अर्धा तास आधी या."

कळव्याच्या मिठागरातला एक आगरी म्हातारा लेकीकडे जायला महिन्यातून एकदा ठाण्याहून गाडीत बसून येई. त्याची परतीची गाडी कधी चुकत नसे, कारण तो सकाळपासूनच आमच्या स्टेशनात येऊन बसे. मी त्याला एकदा अर्ध्या तासाची गोष्ट सांगू लागलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचा टायम तुमाला लखलाभ. आमचा टायम खारीत हाय. भरतीचा पानी चरला का आमी उठतू." मला एकदम आमचा तांडेल आठवला आणि डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा म्हणाला, "अरे, ररतस कनाला? तुजा पन टायम बरा हाय."

काकूंचा मात्र या प्रकारावर राग होता. काकांनी घरातलं घड्याळही स्टेशनला लावून ठेवलेलं. काकू म्हणत, "तुमच्या मद्रासच्या टाइमाला माझी डाळ शिजत नाही." काका पानावर बसले की त्या मला विचारीत, "काय रे, यांचा टाइम आधी वाढू, की यांना?" त्या टाइमाला 'तो' म्हणत, आणि तो काकांच्या कोटाच्या खिशात राहतो, फार खातो आणि काही कामाचा नाही, असं त्यांचं मत होतं.

कधी पार्सलाच्या कागदांसाठी मला ठाण्याला पाठवीत. तिथं तर टाइमाचे चार भाऊबंद वेगळे राहात होते. स्टेशनचं घड्याळ मद्रासचं. कलेक्टर कचेरीचा पहारेकरी तासाला टोल देई तो गावचा. देवळाची घंटा तिसरीच बोले. आणि किल्ल्यातल्या तुरुंगाचा शिपाई मला म्हणाला होता, "आमच्या इथं टाइम वर्षांत मोजतात." गाव चाले कचेरीच्या टोलावर. कचेरीचा टोल पडला की वकील अंगरखे चढवीत आणि कोर्टाच्या दाराशी बसलेली कुळं उठून उभी राहात. ठाण्यात कचेरीपेक्षा मोठं काही आहे, हे कुणी मानत नसे. हे सगळं मी बघितलेलं होतं, म्हणून पुढं जे झालं त्याला माझ्यापाशी सबब नाही.

काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठाण्यात ठरलं. मुलाचे वडील कचेरीत शिरस्तेदार. रिवाजाप्रमाणे वऱ्हाड आदल्या दिवशी यायचं, पण शिरस्तेदारसाहेबांनी निरोप धाडला की रेल्वे असताना परक्या गावी रात्र कशाला काढायची, आम्ही सकाळच्या गाडीनं येऊ, लग्न लावू, जेवून संध्याकाळी परत. यात त्यांचा थोडा मोठेपणा होता. कल्याणात तोवर असं वऱ्हाड कुणाकडे आलं नव्हतं. जोशीबुवांनी मुहूर्त काढला तो सकाळचा, स्टेशनच्या घड्याळानं पावणेअकराचा. ठाण्याची गाडी साडेआठला सुटून नवाच्या पुढं कल्याणला येते. म्हणजे सगळं जमत होतं.

लग्नाच्या आठवड्यात काकांनी मला जवळ बोलावलं. "कार्य पार पडलं की साहेबापाशी तुझा शब्द टाकतो," ते म्हणाले. "पटावर एक जागा होते आहे. या चार दिवसांत तेवढं सांभाळ." मी त्या रात्री आईला पत्र लिहायला घेतलं आणि अर्धवट ठेवलं. जागा मिळाली नाही तर परत गावी जायचं होतं, कारण तोवर माझं दीड वर्ष भरत आलेलं आणि काकांच्या ओसरीवर किती दिवस राहायचं यालाही काही लाज हवी.

दोन्ही बाजूंनी काय करायचं त्याची, ठाण्याला व्याह्यांकडे धाडायची यादी अक्षरासाठी माझ्याकडे लिहायला आली. काकूंनी कागद चारी कोपऱ्यांना कुंकू लावून दिला. काका सांगत गेले, मी लिहीत गेलो. मानपान, माणसं किती, दुपारच्या पंगती, आणि शेवटी गाडी: ठाण्याहून सकाळी साडेआठ. इथं मी माझ्या रोजच्या सवयीनं, कुणी न सांगता, आणखी एक ओळ लिहिली: 'आपल्या कचेरीचा टाइम स्टेशनच्या मागे अर्धा तास आहे, तरी तितके आधी निघावे.'

काकांनी यादी वाचली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"फाटकाशी रोज सांगतो तेच."

"फाटकाशी कोण असतं आणि हे कोण? व्याही आहेत. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना लिहायचं, की तुमचं घड्याळ मागं आहे?"

काकू आतून म्हणाल्या, "आणि तेही शिरस्तेदारांना."

"ते वीस वर्षं कचेरीत आहेत," काका म्हणाले. "त्यांना टाइम शिकवायचा नाही. काढ ती ओळ."

मी नवा कागद घ्यायला उठलो तर काकूंनी थांबवलं. कुंकू लागलेला कागद फाडत नाहीत, बाजूलाही टाकत नाहीत. तेव्हा खोडणं आलं. आणि खोडायचं कसं, हे मला काकांनीच पहिल्या महिन्यात शिकवलेलं: ऑफिसच्या कागदावर शाईचा डाग टाकून शब्द लपवायचा नाही, एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली सही. मी पट्टी धरून रेघ मारली. बाजूला सही केली. काकांनी मान डोलावली. मला एकदा वाटलं, साडेआठच्या जागी आठ लिहावं, म्हणजे प्रश्नच मिटला. पण ते रेल्वेचा टाइम धरून निघाले तर ठाण्याच्या फलाटावर नवरदेवाला अर्धा तास ताटकळावं लागेल, आणि तो ठपका माझ्यावर. मी गप्प बसलो. गप्प बसणं मला तेव्हा फार चांगलं येत असे.

लग्नाच्या दिवशी काका अंतरपाटाच्या तयारीत घरी अडकलेले, म्हणून स्टेशनवर मी होतो. सोबत दोन दमण्या, बैलांच्या शिंगांना झेंडूची फुलं, आणि वाजंत्री. गाडी टाइमात आली. वाजंत्र्यांनी सुरू केलं. डब्यांतून भाजीवाल्या उतरल्या, दोन शिपाई उतरले, एक बकरी उतरली. वऱ्हाड उतरलं नाही. गाडी निघून गेली तरी वाजंत्री वाजवतच होते.

मी तारमास्तरांकडे धावलो. त्यांनी ठाण्याला विचारलं. उत्तर आलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं: "वऱ्हाड फलाटावर आहे. नवरदेव घोड्यावर आहे. वडील म्हणतात, गाडी अर्धा तास आधी सुटली, तिच्यावर अर्ज करणार."

पुढची सवारीगाडी दुपारची. त्या महिन्यात दुसरा मुहूर्त नव्हता, हे जोशीबुवा चारदा बोलून चुकले होते. फाटकाशी शेकडो लोकांना जे सांगितलं ते एका माणसाला सांगायचं राहिलं, आणि तो माणूस माझ्या अन्नदात्याचा व्याही.

"आता काय गाडी नाहीच?" मी विचारलं.

"सवारी नाही," तारमास्तर म्हणाले. "मालगाडी उभी आहे ठाण्याला, पाणी घेते आहे. पण माणसं घालायची तर साहेबाचा हुकूम हवा. आणि आज टाइम बरा नाही हं साहेबाचा."

दीड वर्षात मी साहेबाशी एक शब्द बोललेला नव्हतो. मी आत गेलो. साहेब पाइप साफ करत होता. माझ्याजवळ जेवढं इंग्रजी होतं तेवढं मी एका दमात सांगितलं. ते असं: "सर. मॅरेज टाइम. बॉय इन ठाणा. ट्रेन गॉन. नो टाइम. गुड्स ट्रेन, व्हॉट टाइम?"

साहेबानं पाइप खाली ठेवला.

"गुड्स हॅज नो टाइम," तो म्हणाला.

मला वाटलं, नाही म्हणाला. मी तसाच उभा राहिलो. मग त्यानं मोडक्या हिंदुस्थानीत समजावलं, की मालगाडीला टाइम नसतो, लाइन मोकळी झाली की ती निघते, आणि हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न आहे हे त्याला ठाऊक आहे, लाडू कधी येणार? मग बोट वर करून म्हणाला, "वन टाइम. ओन्ली वन टाइम." या शब्दाचा खेप असाही अर्थ होतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो मी अजून विसरलेलो नाही. गार्डाच्या डब्यात पाच माणसं, अधिक नाही, अशी तार गेली.

त्या मालगाडीचा गार्ड ठाण्याचा, ख्रिस्ती, खाडीकाठच्या वाडीतला. पुढं त्याची माझी चांगली ओळख झाली. तो सांगे, "मी बोललो पाच, तर आधी सगले बोलले आमी मोठे. घोरा पन घ्या बोलत होते." शेवटी ठरलं ते असं: नवरदेव, त्याचे वडील, उपाध्याय, करवली म्हणून धाकटी बहीण, आणि नवरदेवाची मावशी. मावशीला कुणी निवडलेलं नव्हतं. ती आधीच आत जाऊन मिठाच्या पोत्यावर बसलेली होती. बाकीचं वऱ्हाड दुपारच्या गाडीनं पंगतीला येणार.

मी घरी निरोप धाडला आणि फलाटावर येरझाऱ्या घालत राहिलो. दहा वाजले. सव्वादहा झाले. घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि दर दहा पावलांनी बघितलं. दहा वाजून वीस मिनिटांनी सिग्नल पडला. गवताच्या गंज्या, मिठाची पोती आणि रिकामे डबे मागं ओढत गाडी आली, आणि अगदी शेवटच्या डब्याच्या दारात मुंडावळ्या बांधलेला नवरदेव दांडीला धरून उभा होता. त्याच्या शेल्यावर कोळशाची पूड बसलेली. वाजंत्र्यांनी या खेपेला न सांगता सुरू केलं.

मावशी उतरता उतरता मला म्हणाल्या, "तुमची गाडी आम्हांला सोडून गेली. मुलगी तरी थांबलीय ना?"

"थांबलीय," मी म्हटलं.

"नशीब. तिला कुणी टाइम सांगितला नाही वाटतं."

शिरस्तेदारसाहेब त्यांच्यामागून उतरले. त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. त्यापेक्षा ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बैलांना मी आयुष्यात तेवढं कधी पळवलं नाही. मांडवात पोचलो तेव्हा जोशीबुवा घंगाळ्यापुढं बसलेले, आणि पाण्यात त्यांची तांब्याची वाटी तरंगत होती. तिच्या बुडाच्या भोकातून पाणी आत येतं, वाटी बुडाली की एक घटका भरते. शेवटची वाटी अर्धी भरली होती. सीमांतपूजन चार तांदळांत उरकलं. नवरदेवाचे पाय धुताना पाणी काळं निघालं म्हणून करवली हसू लागली. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांना सूर लांबवायला सवड नव्हती. वाटी कलली, बुडबुडे आले, बुडाली, आणि अक्षता पडल्या.

मी खांबाला टेकलो. लग्न लागलं होतं. आता माझं काय व्हायचं ते राहिलं होतं.

दुपारी उरलेलं वऱ्हाड आलं, पंगत बसली. मी पाणी वाढत होतो. शिरस्तेदारसाहेबांच्या पानापाशी गेलो तर त्यांनी पेल्यावर हात ठेवला.

"थांबा. यादी तुमच्या हातची का?"

काका धावत आले आणि हात जोडून उभे राहिले. मुलीच्या बापानं त्या दिवशी हात जोडलेलेच ठेवायचे असतात.

"चूक आमची," काका म्हणाले. "पोरगा नवा आहे. आपल्याला त्रास झाला. उद्याच त्याची काय ती व्यवस्था करतो."

उद्याच. मी हातातली झारी घट्ट धरली. भुसावळची गाडी कुठल्या फलाटाला लागते हे आता मला ठाऊक होतं. देवगडचा मचवा कुठून सुटतो, तेही.

शिरस्तेदारसाहेबांनी डावा हात बाराबंदीत घालून यादी काढली आणि मांडीवर उलगडली. "चुकीचं नंतर बघू. आधी कागद बघू. इथं एक ओळ आहे. कचेरीचा टाइम स्टेशनच्या मागे अर्धा तास. ही लिहिली कुणी?"

"मी," मी म्हटलं.

"आणि खोडली कुणी?"

"मी."

"सहीही तुमचीच. रेघ एकच, खालचं वाचता येतं. खोडलंय मात्र कायद्यात." त्यांनी पंगतीकडे बघितलं. "आता कचेरीत आम्ही काय समजतो? खोडलेला मजकूर रद्द. मी ही ओळ वाचली, आणि समजलो की फरक होता तो रद्द झाला. रेल्वेनं आमचा टाइम कबूल केला. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. घरात सगळ्यांना तसं सांगितलंही."

मावशी पलीकडच्या पंगतीतून म्हणाल्या, "कचेरीभर सांगितलंत."

कुणी तरी ठसका लागल्यासारखं केलं. माझ्या डोक्यात इतकंच आलं, की मी ती रेघ जरा वाईट मारली असती, शाई सांडली असती, तर हा माणूस नेहमीसारखा विचार करून वेळेवर निघाला असता. ती रेघ मी पट्टी धरून मारलेली होती.

"तेव्हा प्रश्न एवढाच," शिरस्तेदारसाहेब म्हणाले, "की खरी ओळ खोडली कशासाठी?"

मी काकांकडे बघितलं नाही. त्यांच्या घरचं दीड वर्ष खाल्लेलं माझ्या पोटात होतं. मी म्हटलं, "माझ्या हातून खोडली गेली."

दाराआडून काकूंची बांगडी वाजली. नुसती एकदाच.

काकांनी जोडलेले हात सोडले. त्या दिवसात पहिल्यांदाच. "त्यानं खोडली नाही," ते म्हणाले. "मी खोडायला लावली. व्याह्यांचं घड्याळ मागं आहे असं लिहू नये, म्हणून. त्यानं बरोबर लिहिलं होतं."

शिरस्तेदारसाहेबांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

"मग यात एक उणीव आहे," ते शेवटी म्हणाले. "खोडणाऱ्याची सही आहे. खोडायचा हुकूम देणाऱ्याची नाही. ती लागते."

ते चेष्टा करत आहेत की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण त्यांनी टाक आणि दौत मागवली. काकूंनी ती इतक्या लवकर आणून दिली, की आधीपासून हातात धरून उभ्या असाव्यात. काकांनी पंगतीतच गुडघ्यावर कागद ठेवून माझ्या सहीखाली आपली सही केली. मग शिरस्तेदारसाहेबांनी उष्टा हात बाजूला धरून, डाव्या हातानं, खोडलेल्या ओळीवर वाकडंतिकडं लिहिलं: 'मजकूर कायम.' कागद वाळवून परत बाराबंदीत घातला आणि माझ्याकडे पेला पुढं केला.

"वाढा पाणी. आणि आता संध्याकाळच्या गाडीचा टाइम सांगा. कुणाचा ते धरून सांगा."

मी सांगितला. स्टेशनचा सांगितला, गावचा सांगितला, आणि आणखी दहा मिनिटं आधी निघा म्हणून सांगितलं. मावशी म्हणाल्या, "याला मेल्याला आता थांबवा कुणी तरी."

संध्याकाळी वऱ्हाड मुलीला घेऊन गेलं, सवारीगाडीनं, अर्धा तास आधी फलाटावर येऊन. गाडी दिसेनाशी झाली तरी काका रुळांकडे बघत उभे होते. मग त्यांनी सवयीनं घड्याळ काढलं, बघितलं, आणि न बोलता झाकण मिटलं. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, त्याची जेवायची वेळ झाली." त्या कुणाबद्दल बोलल्या ते कळलं नाही. घड्याळाबद्दल नसावं.

वाटेत मी विचारायचं ठरवलं. चार वेळा वाक्य मनात जुळवलं. दाराशी आल्यावर इतकंच निघालं, "काका, उद्या मी..."

"उद्या साहेबाला लाडू न्यायचेत," काका म्हणाले. "त्याच वेळी तुझंही बोलतो. टाइमावर ये."

मी ओसरीवर जाऊन आईचं अर्धवट पत्र काढलं आणि पुरं केलं. सकाळी स्टेशनवर गेलो तेव्हा फाटकही उघडलेलं नव्हतं. पुढं महिन्याभरात माझं नाव पटावर चढलं आणि तिथं पंचवीस वर्षं राहिलं. तेवढ्या वर्षांत मी कधी टाइमावर गेलो नाही. अर्धा तास आधीच जात आलो.